आधीं रेखाटन, मग छायाचित्र

हल्लीं छायाचित्राचें यंत्र खिशांत मावतें. त्यामुळें सुंदर फूल दिसलें कीं तें नीट निरखण्यापूर्वींच त्याचें चित्र घेतलें जातें. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे.

फ्यूशियाचेंच उदाहरण घ्या. देठावरून खालीं लोंबणाऱ्या या फुलावरून एका गडद गुलाबी-जांभळ्या रंगास नांव मिळालें आहे. त्याच्या पुष्कळ जातींत बाहेरचे चार लाल भाग पाकळ्या भासतात. परंतु ते निदल, म्हणजे कळीचें बाह्य आवरण होत. खऱ्या जांभळ्या पाकळ्या त्यांच्या आंत असतात. यंत्र दोहोंचें चित्र घेतें, पण भेद सांगत नाहीं. शिवाय असा भडक रंग छायाचित्रांत पुष्कळदां सपाट उतरतो. शिरा व छाया बुडून जातात. ज्यानें फूल आधीं रेखाटलें, त्यालाच काय हरवलें हें कळतें, आणि तोच सौम्य उजेड पाहून पुन्हां चित्र घेतो.

शार्ल प्ल्यूमिए यांनीं १७०३ सालीं या फुलास लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याचें नांव दिलें. फुक्स यांनीं आपल्या १५४२ सालच्या वनस्पतिग्रंथांत चित्रें काढणाऱ्या व कोरणाऱ्या तिघां कारागिरांच्या प्रतिमा नांवांसह छापल्या होत्या. निरखणाऱ्या डोळ्याची योग्यता त्या विद्वानानें ओळखली होती.

पालकांनीं मुलांच्या हातीं यंत्र अवश्य द्यावें. मात्र त्याआधीं एक पेन्सिल व कोरी वही द्यावी.