मृताचे निवेदन

विमान कोसळते तेव्हाच प्रेक्षक मनात एक यादी करू लागतो : यातला तरणार कोण? बर्फ, भूक आणि एकाकी डोंगर यांवर बेतलेले थरारपट या यादीवरच चालतात. त्यातही जो गोष्ट सांगतो आहे तो वाचणार, ही त्या प्रकाराने प्रेक्षकाला दिलेली अलिखित हमी असते. जे. ए. बायोना यांचा 'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३) ही हमी मोडतो. ती मोडणे योग्य होते का, हा आमचा प्रश्न. (चित्रपट न पाहिलेल्यांची क्षमा मागून पुढचे लिहीत आहोत, शेवट लपवून या चित्रपटाविषयी बोलताच येत नाही.)

घटना सर्वश्रुत आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचे विमान अँडीजमध्ये कोसळले. आत ४५ माणसे. बहुतेक मोंतेविदेओच्या 'ओल्ड ख्रिश्चन्स' या रग्बी संघाचे खेळाडू, त्यांचे मित्र, आप्त. शोध थांबवल्याची बातमी त्यांनी ट्रान्झिस्टरवर ऐकली. २९ ऑक्टोबरच्या हिमलोटात आणखी आठ जण गेले. ७२ दिवसांच्या अखेरीस १६ जण परतले, आणि ते मृत सोबत्यांचे मांस खाऊन जगले होते.

फ्रँक मार्शल यांच्या 'अलाइव्ह'ने (१९९३) ही कथा इंग्रजीत सांगितली. तिथे प्रौढ झालेला एक वाचलेला मनुष्य आपल्याशी बोलतो. अनेक मृतांची नावे बदललेली आहेत. संघाचा कप्तान मार्सेलो पेरेस तिथे 'अँतोनिओ बाल्बी' होतो. मनाई वा संकोच, कारण काहीही असो, परिणाम एकच : जगलेल्यांना नाव, मेलेल्यांना टोपणनाव.

बायोना स्पॅनिशमध्ये, बहुतांशी उरुग्वे-अर्जेंटिनातले अपरिचित नट घेऊन, ही बाजू उलटवतात. कोणी मरण पावले की खरे नाव आणि वय पडद्यावर उमटते. आणि निवेदक आहे नूमा तुर्काती : कायद्याचा विद्यार्थी, मांस खाण्यास दीर्घकाळ नकार देणारा. तो ११ डिसेंबरला मरतो. दुसऱ्या दिवशी पार्रादो आणि कानेसा निघतात, आणि दहा दिवसांच्या पायपिटीनंतर नदीपल्याड त्यांना सेर्जिओ कातालान हा चिलीचा गुराखी दिसतो. हे सारे नूमाने पाहिलेलेच नाही. तरी आवाज त्याचाच राहतो.

ही निव्वळ क्लृप्ती आहे, असे म्हणणारे भेटतात. मृत निवेदक 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्येही (१९५०) होताच. आम्हांला ते मान्य नाही. तिथे मृताचा आवाज उपरोधासाठी आहे. इथे तो हक्काच्या प्रश्नाशी भिडतो. परतलेल्यांनी पुस्तके लिहिली, मुलाखती दिल्या. २९ जणांच्या वतीने कोण बोलणार? तो आवाज त्यांच्यातल्याच एकाला देणे हा न्याय आहे.

पण आमची खरी अडचण याच न्यायापाशी सुरू होते. आपण मेलो तर आपला देह सोबत्यांनी वापरावा, असा करार त्या तरुणांनी आपसांत केला होता. नूमाच्या तोंडची संमती म्हणूनच विश्वसनीय वाटते. मात्र पहिल्याच दिवशी जे गेले त्यांना कोणी काही विचारले नव्हते. विचारणे शक्यही नव्हते. नूमाचा मृदू, क्षमाशील स्वर हळूहळू त्यांचाही स्वर होऊन बसतो, आणि न मिळालेली परवानगी मिळाल्यासारखी भासू लागते. जगलेल्यांना दोष द्यावा असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या बर्फात त्यांनी केले त्याहून वेगळे आपण केले असते असे म्हणण्याचे धाष्टर्य आमच्यात नाही. आमचा आक्षेप कथनावर आहे. लेखक आणि निवेदक यांतला भेद इथे पुसट होतो : बोलतो नूमा, पण शब्द पटकथेचे, आणि तिच्यामागे पाब्लो विएर्सी यांचे पुस्तक, ज्याचा पाया परतलेल्यांच्याच साक्षींचा आहे. म्हणजे मृताच्या मुखातून पुन्हा जिवंतच बोलत आहेत, आणि आपल्यासाठीच सांत्वन मागत आहेत.

यावर उपाय असू शकला असता. चित्रपटात काही क्षण असे आहेत की निवेदन थांबते आणि केवळ वाऱ्याचा आवाज, मोडलेल्या धडात एकमेकांना बिलगलेली शरीरे आणि वर ते उदासीन शिखर उरते. मांसाच्या पहिल्या प्रसंगी कॅमेरा देहापासून दूर राहतो; चेहरा कोणाचा ते दाखवत नाही. तिथे चित्रपट कोणाच्याही वतीने काही बोलत नाही. नूमाच्या मृत्यूनंतरही तो तसाच गप्प राहिला असता तर आम्हांला अधिक पटला असता.