तलाठ्याला कॉम्प्युटर येत नाही म्हणे!

शनिवारी मांडव्याच्या रो-रोत आमचीच जमात असते. लॅपटॉपची बॅग, अलिबागकडे घेतलेला (किंवा घ्यायचा) प्लॉट, आणि एकच रडगाणं : फेरफार अडकलाय, तलाठ्याला कॉम्प्युटर येत नाही, ह्यांना ट्रेनिंग द्या!

अहो, दिलंय की! एमएस-सीआयटी 2001 पासून आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना ती सक्तीची झाली, 2007 अखेरपर्यंत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या. मग काय, लोकांनी सर्टिफिकेटं आणली. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. तलाठ्याला (2024 पासून 'ग्राम महसूल अधिकारी', कॉम्प्युटर तोच) पॉवरपॉइंट कुणाला दाखवायचंय?

त्याचं काम ई-फेरफारमध्ये. कोकणात चार गुंठ्यांच्या वाडीवर वीस-वीस नावं. हाताने लिहिलेला सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना एका बहिणीचं नाव गळलं, तर तलाठी ते परस्पर घालू शकत नाही. टायपिंगची चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश लागतो, आणि ते बरोबरच आहे. पण ही नुसती लेखनातली चूक की वारसाचा वाद, हे जुनी नोंद काढून ओळखणं, हे खरं कौशल्य. ते कुठल्या लॅबमध्ये शिकवतात?

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळ-पोफळी आडव्या केल्या. वीज नाही, नेटवर्क नाही. पंचनामे झाले कागदावर, पण भरपाईसाठी शेवटी सातबाराच बघतात. तिथे नाव नसलेल्या बहिणीने काय करायचं?

एकदाच सरकारने शहाणपणा केला होता. 2017 साली चावडीवाचन झालं, कॉम्प्युटरवरचा सातबारा गावासमोर वाचून चुका काढल्या. आपण ह्यालाच यूजर अॅक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतो आणि क्लायंटला बिल लावतो! डेटा म्हणजे काय हे तलाठ्याला तिथे जेवढं कळलं असेल तेवढं दहा कोर्सात कळायचं नाही. आता आयगॉट कर्मयोगीवर ऑनलाइन कोर्स आहेत. पुन्हा सर्टिफिकेटंच मोजणार का?

माझं म्हणणं एवढंच, की महिन्यातला एक दिवस तालुक्यातल्या सगळ्या तलाठ्यांना अडकलेले फेरफार घेऊन एकत्र बसवा. आणि ई-फेरफार लिहिणारे एनआयसीवाले, म्हणजे आपलेच भाऊबंद, त्यांनाही बोलवा. मागच्या बाकावर, वही घेऊन.