पेरलेली पेशी उपटता येत नाही!

गोळी बाधली तर उद्यापासून बंद करता येते. कवटीला भोक पाडून मेंदूत सोडलेली पेशी मात्र परत काढता येत नाही. हे ठाऊक असूनही जे कंपवाताच्या रुग्णाकडून पैसे मोजून घेऊन अप्रमाणित 'पेशी' विकतात, त्यांना डॉक्टर म्हणायची आमची तयारी नाही!

मेक्सिकोत १९८७ साली दोन रुग्णांना मेंदूत बसवलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींनी गुण आल्याचे छापून आले आणि देशोदेशीचे शल्यविशारद सुऱ्या परजून उठले. काही वर्षांतच ती शस्त्रक्रिया टाकून द्यावी लागली. तोवर किती कवट्या उघडल्या गेल्या!

पुढे अमेरिकेत ४० रुग्णांवर रीतसर परीक्षा झाली. वीस जणांच्या मेंदूत गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणांच्या, हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी सोडल्या, वीस जणांच्या कवटीला नुसतीच भोके पाडली. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते. निकाल २००१ साली आला. सतरा जणांत पेशी रुजल्या होत्या. पण रुग्णांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. साठीच्या आतल्यांची हालचाल थोडी सुधारली, एवढेच. पहिले वर्ष बरे गेले आणि मग पेशी मिळालेल्यांपैकी शेकडा पंधरा जणांचे शरीर त्यांचे उरले नाही. तोंडात घास नसताना जबडा चावत राहतो, मनगट आपोआप वळते, बोटे नाचत राहतात. लेव्होडोपा हे कंपवाताचे औषध कमी केले, थांबवले, तरी ते थांबेना! २००३च्या दुसऱ्या परीक्षेत तर रोपण झालेल्या २३ पैकी १३ जणांना औषधाविना अशा हालचाली जडल्या.

नुसती भोके पाडण्याच्या खोट्या शस्त्रक्रियेला क्रूर म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, ती झाली नसती तर हे सत्य कोणी सांगितले असते? तुलनेशिवाय शेकडो डोकी उघडणे, ही खरी क्रूरता!

विज्ञान थांबलेले नाही, थांबूही नये. क्योटोत सात आणि उत्तर अमेरिकेत बारा रुग्णांवर झालेल्या मूलपेशींच्या चाचण्यांचे २०२५चे निष्कर्ष आशादायक आहेत. पण एकोणीस रुग्ण म्हणजे परवाना नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारखे मोजके आजार सोडले तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलपेशींचा उपचार करता येत नाही. मग त्याच्या जाहिराती उजळ माथ्याने कशा झळकतात? सरकार आणि वैद्यक परिषदा कोणाच्या मुहूर्ताची वाट पाहत आहेत? परवाने रद्द करा, गुन्हे नोंदवा!

वाचकहो, चहाची बशी धरताना ज्याचा हात थरथरतो, तो बाप उद्या तुम्हाला विचारील, "हे करून घेऊ का रे?" त्याच्यासाठी डॉक्टरला दोनच प्रश्न विचारा : ही नोंदणीकृत चाचणी आहे का? आणि तिचे पैसे कोण भरणार? चाचणी नोंदलेली नसेल आणि पैसे तुमच्याकडेच मागितले, तर वडिलांचा हात धरा आणि तिथून उठा.