सूत्र विसरलात? श्रीधराचार्यांची युक्ती आठवा!

‘वजा ब, अधिक-वजा वर्गमुळात ब वर्ग वजा चार अक, भागिले दोन अ.’ वर्गसमीकरणाचं हे सूत्र दहावीत आपण घोकून पाठ केलं. पण ऐन परीक्षेत ‘चार अक’ की ‘दोन अक’, इथे गाडी अडली की संपलं! खरं तर हे सूत्र पाठ नसलं तरी अडत नाही. कसं, ते बघू.

समजा, अंगणात भाजीचा आयताकृती वाफा करायचाय. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा १ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ १० चौरस मीटर हवं. रुंदी क्ष मानू.

२क्ष² + क्ष = १०

आता क्ष² च्या सहगुणकाची, म्हणजे २ ची, चौपट ८. दोन्ही बाजूंना ८ ने गुणा.

१६क्ष² + ८क्ष = ८०

मूळ समीकरणात क्ष चा सहगुणक १ होता. त्याचा वर्ग, म्हणजे १, दोन्ही बाजूंत मिळवा.

१६क्ष² + ८क्ष + १ = ८१

डावी बाजू पूर्ण वर्ग झाली!

(४क्ष + १)² = ८१

म्हणजे ४क्ष + १ = ९ किंवा −९. म्हणून क्ष = २ किंवा −२.५. रुंदी ऋण नसते, म्हणून वाफा २ मीटर रुंद, ५ मीटर लांब. ताळा करा: २ × ५ = १०.

आकड्यांच्या जागी अ, ब, क ठेवून याच पायऱ्या चढा, सूत्र आपोआप हाती येतं. ‘चार अक’मधला चार म्हणजे आपण केलेली चौपट! आणि ८१ हा विवेचक. तो ऋण आला, तर वास्तव संख्यांमध्ये उत्तरच नाही.

ही युक्ती श्रीधराचार्यांची, हजारहून अधिक वर्षांपूर्वीची. हिंदी आणि बंगालीत शिकणारी मुलं आजही या सूत्राला त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ काळाच्या ओघात हरवला. पण भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात हा नियम श्रीधराचार्यांच्या नावानिशी दिला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

घरात कुणी दहावीला असेल, तर आज सूत्र म्हणून घेऊ नका. कागद-पेन द्या आणि विचारा, “हा चार आला कुठून?”