तीन विद्यापीठे, एक वाक्य

भिलाईच्या आयआयटीचा कुटेलाभाटा येथील कायमस्वरूपी परिसर पंतप्रधानांनी २० फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतील समारंभातून राष्ट्राला अर्पण केला आणि दुर्ग जिल्ह्यातील उच्चशिक्षणाचे वर्तुळ निदान नकाशावर तरी पुरे झाले. कुटेलाभाट्याला आयआयटी, नेवईला स्वामी विवेकानंदांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, दुर्गला हेमचंद यादव विश्वविद्यालय, कचांदूरला राज्य सरकारने २०२१ मध्ये कायदा करून ताब्यात घेतलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ९ मध्ये, नावातच ‘संशोधन केंद्र’ असलेले जवाहरलाल नेहरू रुग्णालय. सेक्टर २ मधून सकाळी निघालेला माणूस या पाचही दारांना हात लावून संध्याकाळी घरी परतू शकतो. परंतु तो सिकलसेलचा वाहक असेल आणि ‘वाहक म्हणजे काय’ हे गावाकडच्या आजीला तिच्या बोलीत समजावून सांगण्याची सोय त्याला हवी असेल, तर ते काम नेमके कोणत्या दाराचे, हे कोणी ठरवलेलेच नाही.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचा वेग वाखाणण्याजोगा आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींच्या आसपास लोकांच्या रक्ताचे नमुने पाहून झाले. त्यांत २ लाखांहून अधिक रुग्ण निघाले आणि १६ लाखांहून अधिक वाहक. म्हणजे एका रुग्णामागे साधारण आठ वाहक. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया लागते, प्रसंगी रक्त लागते, वेदनेच्या झटक्यात खाट लागते. वाहकाला यातले सहसा काही लागत नाही. त्याला लागते ते एक वाक्य: तुम्ही आजारी नाही, पण जोडीदारही वाहक असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक आहे.

हे वाक्य दिसते तितके सोपे नाही. ‘चारात एक’ हे ऐकणारा चार मुलांपैकी एकाचा बळी गेला की उरलेली तीन सुटली, असा हिशेब करतो. ‘प्रत्येक’ या शब्दावर सारा भार आहे आणि नेमका तोच निसटतो. तपासणीच्या शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द कानावर पडला तर रुग्ण आणि वाहक यांच्यातील भेद तेथेच बुजतो. मग निरोगी मुलीच्या हातातले कार्ड हे तिच्या लग्नाच्या बोलणीत तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. छत्तीसगडात हा दोष केवळ आदिवासींत आहे असेही नाही. साहू, कुर्मी अशा मोठ्या शेतकरी आणि व्यावसायिक समाजांत तो आढळतो. लोकांनी त्याला ‘सिकलिन’ असे घरगुती नावही देऊन टाकले आहे. नाव रुळले, अर्थ मात्र रुळायचा आहे. आणि विज्ञानाला याचा पत्ता काल-परवा लागला असेही म्हणता येत नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला तो १९५८ मध्ये, भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्याच्या आदल्या वर्षी.

त्या झोतभट्टीचाही या विषयाशी संबंध आहे. सोव्हिएत संघाबरोबरचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. कारखाना उभारण्यासाठी रशियन अभियंते आले आणि त्यांच्याबरोबर दुभाषे आले. पोलाद कसे ओतायचे हे सांगणारा आणि ओतणारा यांच्यात भाषेची भिंत राहिली तर अपघात होईल, हे त्या काळच्या नियोजनकारांना कळत होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या भट्टीचे उद्घाटन केले, त्यामागे त्या दुभाष्यांचाही वाटा होता. यंत्रासाठी दुभाषा लागतो हे मान्य करणाऱ्या शासनसंस्थेला रुग्णासाठी तो लागतो, हे सात दशकांनंतरही पटलेले दिसत नाही.

याचे एक कारण या वसाहतीच्या घडणीतच शोधता येईल. भिलाईला ‘लघुभारत’ म्हणण्याची प्रथा आहे आणि सेक्टर २ मध्ये तिचा प्रत्यय येतो. मल्याळी कुटुंबांचे अय्यप्पा मंदिर तेथे आहे, कारखान्याचे भिलाई विद्यालय तेथे आहे आणि बंगाली, तेलुगू, ओडिया, मराठी घरांतील मुले एकाच बाकावर बसून प्रवेशपरीक्षांची तयारी करीत आली. घरात मातृभाषा, मैदानात हिंदी, वहीत इंग्रजी अशी वाटणी झाली. या वाटणीत ज्यांच्या भूमीवर हे सारे उभे राहिले त्यांची छत्तीसगडी कोठे बसली? ती भाजीबाजारात आणि कंत्राटी कामगारांच्या तोंडी राहिली. विज्ञानाची भाषा ती असू शकते, ही शक्यताच या पोलादनगरीने विचारात घेतली नाही.

सरकारी कागदावरही फार वेगळे चित्र नाही. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडी मातृभाषा सांगणारे १ कोटी ६२ लाख लोक होते. त्यांची गणना झाली ती हिंदीच्या पोटात. गोंडी बोलणारे २९ लाखांवर. हळबी बोलणारे साडेसात लाखांवर. या हळबीची नोंद ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्या खंडात केली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही. २००७ मध्ये राज्याने छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा दिला. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो आठव्या अनुसूचीत गेल्या. छत्तीसगडी आणि गोंडी बाहेरच राहिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये हिंदी दिनाचे औचित्य साधून मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी एमबीबीएसचे शिक्षण हिंदीतही देण्याची घोषणा केली. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे स्वागतच करावे लागेल. पण ही भाषानीती विद्यार्थ्याच्या पुस्तकापाशी थांबते. इंग्रजीत शिकलेला डॉक्टर आणि हिंदीत शिकलेला डॉक्टर, नारायणपूरच्या गोंड स्त्रीपुढे दोघेही सारखेच परके.

याच राज्याने एकदा फार वेगळी समज दाखवली होती. २००२ मध्ये गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीसाठी नाव शोधताना शासनाने परिभाषाकोश उघडला नाही. छत्तीसगडी लोकजीवनात विधिपूर्वक जोडल्या जाणाऱ्या मैत्रीच्या नात्यातून ‘मितानिन’ हा शब्द उचलला. तीन वर्षांनी देशभर ‘आशा’ आली तेव्हा तिच्यासमोर मितानिनचा अनुभव होता. शब्द अचूक सापडला की योजनेला घरात शिरण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. हे भाषेचे संशोधनच होते. मात्र ते विद्यापीठात झाले नाही.

विद्यापीठाबाहेर घडलेले याहून मोठे उदाहरण छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तेथील बालमृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा न्यूमोनिया हा मोठा मारेकरी आढळला. निदानाची खूण सोपी होती: मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजायचे. पण मोजणाऱ्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे अंक येत नव्हते. वैद्यकशास्त्राचे उत्तर तयार होते, ते अंकांच्या भाषेपाशी अडले. तेव्हा बंग यांनी मण्यांचे एक साधे यंत्र केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातील मिनिटभराची वाळू सरण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. शंभरावर गावांत केलेल्या या प्रयोगाचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्या गावांत उपचार पोचले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरील त्यांचा १९९९ चा निबंध तर पुढे राष्ट्रीय धोरणाचा आधार झाला. मण्यांच्या त्या यंत्रात वैद्यक किती, तंत्रज्ञान किती आणि भाषा किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. विद्यापीठाच्या नेहमीच्या चौकटीत ते कोणत्या विद्याशाखेकडे गेले असते आणि किती वर्षे पडून राहिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

कारण आपण विद्यापीठे फोडली आहेत. रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा कला, अभियांत्रिकी आणि वैद्यक एकाच छत्राखाली होते. राज्यनिर्मितीनंतर २००५ मध्ये अभियांत्रिकी भिलाईच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली, २००८ मध्ये वैद्यकासाठी रायपूरलाच आरोग्यविज्ञान आणि आयुष विद्यापीठ निघाले आणि २०१५ मध्ये दुर्ग परिसरातील कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालये नव्या विश्वविद्यालयाकडे सोपवली गेली. या विभाजनाला काही आधार नव्हता असे नाही. शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल यांखाली जुनी विद्यापीठे वाकली होती. वेगळ्या व्यवस्थेने ते ओझे हलके केले. पण सोय झाली ती परीक्षा विभागाची. संशोधनाची सोय कोणी पाहिली नाही, कारण संशोधनासाठी रांगेत उभे राहून घोषणा देणारे विद्यार्थी नसतात. महाराष्ट्राने तरी वेगळे काय केले? वैद्यक १९९८ च्या कायद्याने नाशिकला, तंत्रशास्त्र लोणेरेला, आणि आता मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ रिद्धपूरला. ज्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे त्याच जिल्ह्यात मेळघाट आहे आणि तेथील कोरकू माता कुपोषणाविषयी कोणत्या शब्दांत बोलते, हाही भाषेचाच विषय आहे. लीळाचरित्राच्या अभ्यासाने त्या विद्यापीठाची शोभा वाढेल यात शंका नाही. परंतु त्याला शेजारी वैद्यकीय विद्याशाखा नाही, हे वैगुण्य कायद्यानेच पदरात घातले आहे.

तंत्रज्ञानाच्या बाजूने हालचाल आहे, हे नमूद केले पाहिजे. ‘सीजीनेट स्वरा’ने २०१० पासूनच साध्या मोबाइलवरून गोंडीसारख्या भाषांत बातम्या आणि तक्रारी ऐकवल्या, लिपी न येणाऱ्या समाजासाठी ध्वनी हाच कागद असतो हे त्या प्रयोगाने दाखवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या यांत्रिक अनुवादकाची प्राथमिक आवृत्ती आणली. संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या तिच्या पहिल्या भाषा असून आरोग्यविषयक संदेश पोचवणे हे तिच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक आहे. दिल्लीची आयआयटी, पिलानीची बिट्स, हैदराबाद आणि नवा रायपूर येथील ट्रिपल आयटी, तसेच राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था तिच्यामागे आहेत. या यादीत वैद्यकीय महाविद्यालय नाही. यंत्राला शिकवायची वाक्ये येतात कोठून, हा अशा कामातील कळीचा प्रश्न असतो. भाषणांचे आणि पाठ्यपुस्तकांचे अनुवाद कितीही भरले तरी त्यांतून ‘हाडे आतून ठणकतात’ असे सांगणाऱ्या आईचे वाक्य निघत नाही. ते बाह्यरुग्ण विभागातच सापडते. ते ध्वनिमुद्रित करायचे तर वैद्यकीय नैतिकता समितीची संमती लागते, लिहून घ्यायचे तर बोली जाणणारा भाषाभ्यासक लागतो, यंत्राला शिकवायचे तर अभियंता लागतो. शिवाय गोंडी एक नाही. आदिलाबादची गोंडी बस्तरमध्ये अडखळते. त्यामुळे हे काम दिल्लीत एकदा करून सर्वत्र पाठवता येणार नाही. ते जागेवरच करावे लागेल, आणि ती जागा दुर्ग-भिलाईहून अधिक अनुकूल कोठे मिळणार?

पैशाचे काय, असे विचारले जाईल. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा सांगण्यात आला. त्यांतील १४ हजार कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योगादी स्रोतांकडून अपेक्षित. संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर रेंगाळलेला असताना ही अपेक्षा धाडसाचीच. उद्योग पैसा देतील तो त्यांना हव्या त्या विषयाला. भिलाईच्या आयआयटीला केंद्राने दिलेले तंत्रनवोन्मेष केंद्र वित्तीय तंत्रज्ञानाचे आहे, त्याला ग्राहक आहेत. हळबीतील अनुवंशसल्ल्याला ग्राहक नाही, केवळ गरजवंत आहेत. येथे सरकारचा पैसा लागतो. तो फार लागतो असेही नाही. मण्यांच्या यंत्राला किती लागला होता?

अडचण पैशाहून अधिक अधिकाराची आहे. नवे शिक्षण धोरण सर्व संस्थांनी २०४० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावे असे म्हणते. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभाही दिली आहे. तरीही छत्तीसगडीतील रुग्णसंवादावर काम करू पाहणाऱ्याला दुर्गमध्ये भाषेचा मार्गदर्शक, नेवईत संगणकाचा आणि रायपूरच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात वैद्यकाचा गाठावा लागेल. तीन कुलसचिवांची तीन संमतिपत्रे आणावी लागतील आणि पदवी कोणत्या विषयातली, या प्रश्नावर पहिले वर्ष घालवावे लागेल. नियमाची मुभा आहे, पण त्या मुभेला घर नाही. ते घर म्हणजे तिन्ही विद्यापीठांचे संयुक्त संशोधन मंडळ. त्याला स्वतःची नैतिकता समिती हवी, सेक्टर ९ च्या रुग्णालयात आणि कचांदूरच्या महाविद्यालयात बसण्याची जागा हवी आणि मितानिनांशी बांधलेले नाते हवे. त्यासाठी नवे विद्यापीठ काढण्याचा मोह सरकारने टाळावा. नव्या कुलगुरूंची आणि नव्या इमारतीची हौस या राज्याने पुरेशी भागवली आहे. आयआयटी केंद्राची आहे, तिला करारानेच जोडून घ्यावे लागेल. उरलेल्या तिन्ही विद्यापीठांचे कुलाधिपती मात्र एकच आहेत, छत्तीसगडचे राज्यपाल. तिन्ही नस्ती आजही त्यांच्याच टेबलावर येतात, फक्त वेगवेगळ्या दिवशी. २०२३ मध्ये अभियानात तपासलेली तान्ही मुले २०४७ मध्ये चोविशीची असतील आणि त्यांच्या लग्नाच्या बोलणीत तेव्हा काढलेले कार्ड कपाटातून बाहेर येईल.