कोडची लांब ओळ आणि छोटा मोबाईल

मोबाईलवर कोडिंग शिकवणारा एखादा लेख तुम्ही कधी उघडलाय का? मजकूर छान वाचता येतो, पण कोड आला की ओळ थेट स्क्रीनच्या बाहेर! मग बोटाने सगळं पानच डावीकडे-उजवीकडे ढकलत बसायचं.

माझ्या एका लेखात असंच होत होतं. मी सोपा मार्ग काढला. लांब ओळ मध्येच एंटर मारून तोडली. संध्याकाळी इंदूरहून मावसभावाचा फोन आला. "ताई, तुझा प्रोग्राम एरर देतोय गं. दोन तास मी माझीच चूक शोधतोय." तो अकरावीत आहे, पायथॉन शिकतोय, तेही मोबाईलवरच. चूक त्याची नव्हती, माझ्या एंटरची होती.

पायथॉनमध्ये ओळ कुठे संपते यालाही अर्थ असतो. कंसाबाहेर ती मध्येच तोडली की बहुतेक वेळा प्रोग्राम अडतो. म्हणून पहिला नियम: ओळ फक्त दिसायला वळवायची, खरोखर तोडायची नाही.

मुळात ओळ बाहेर का जाते? पायथॉनच्या लेखननियमांत एका ओळीला 79 अक्षरांची मर्यादा सुचवली आहे. 16 पिक्सेलच्या कोड-अक्षरांत 360 पिक्सेल रुंद मोबाईलवर जेमतेम 37 अक्षरं मावतात. त्यात कोडसाठी वापरला जाणारा 'प्री' टॅग ओळ जशीच्या तशी ठेवतो, आपणहून वळवत नाही.

तुमचा स्वतःचा ब्लॉग असेल, तर सीएसएसमध्ये दोन उपाय आहेत.

1. प्रोग्राम समजावायचा असेल तर 'ओव्हरफ्लो-एक्स'ला 'ऑटो' द्या. पान स्थिर राहतं, फक्त कोडची चौकट सरकते. मात्र मोबाईलवर स्क्रोलबार बहुधा लपलेला असतो, म्हणून वर 'बाजूला सरकवा' असं जरूर लिहा.

2. एखादी लांब कमांड किंवा लिंक फक्त कॉपी करायची असेल तर 'व्हाइट-स्पेस'ला 'प्री-रॅप' द्या. ओळ चौकटीत वळते, पण कॉपी केली की एकसंधच येते. लिंकमध्ये मोकळी जागा नसते, त्यासाठी सोबत 'ओव्हरफ्लो-रॅप'ला 'ब्रेक-वर्ड' द्या. जुन्या पानांवर याचंच नाव 'वर्ड-रॅप' दिसेल. ब्राउझर दोन्ही नावं ओळखतात.

आणखी एक छोटी गोष्ट. ब्राउझर एका टॅबला आठ अक्षरांची जागा देतात. 'टॅब-साइज' दोन केलं की मोबाईलवर बरीच जागा वाचते.

आता लेख प्रकाशित करण्याआधी मी तो घरातल्या सर्वात छोट्या मोबाईलवर, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत उघडते. कोड तिथूनच कॉपी करून चालवून बघते. पाच मिनिटं जातात, पण कुणाची तरी संध्याकाळ वाचते.

तुम्हीही करून बघा. आणि तुमच्या घरी कुणी मोबाईलवर कोडिंग शिकत असेल आणि प्रोग्राम चालत नसेल, तर त्याला रागावण्याआधी एकदा ती ओळ नीट बघा. कदाचित चूक लिहिणाऱ्याची असेल!