चूल एक, ताट ज्याचे त्याचे

शेतकऱ्याच्या घरी बैलाला खुराक कामाप्रमाणे मिळतो. नांगरटीच्या दिवसांत पेंड वाढते, बैल गोठ्यात बसून असला की कमी होते. गाय व्याली की तिचे आंबोण वेगळे शिजते. हा हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. मग माणसांच्या ताटापाशी येऊन तो का थांबतो?

आपल्या बऱ्याच घरांत वाढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पुरुष, मग मुले आणि म्हातारी माणसे, आणि भांड्यात जे उरेल ते वाढणाऱ्या बाईला. आमचे स्पष्ट मत असे की ही रीत मोडली पाहिजे. प्रत्येकाचे ताट त्याच्या श्रमाप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे ठरले पाहिजे.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. डॉक्टर त्यालाच कॅलरी म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली भारतीयांची गरज पुन्हा ठरवली. 65 किलो वजनाच्या तरुण पुरुषाला बैठ्या कामात रोज 2110 उष्मांक लागतात, मध्यम श्रमात 2710 आणि जड श्रमात 3470. 55 किलो वजनाच्या स्त्रीला याच क्रमाने 1660, 2130 आणि 2720. गरोदर स्त्रीला यावर 350 जादा, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने 600 जादा.

आता बेरीज करून पाहा. तान्हे मूल सांभाळून घरचे आणि शेतातले मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या सुनेची गरज होते 2730. म्हणजे तेवढेच काम करणाऱ्या नवऱ्याच्या बरोबरीने, किंबहुना थोडी जास्तच. आणि तीच सून घरात शेवटी जेवते! तिला चक्कर येते, कंबर दुखते, तेव्हा आपण टॉनिकची बाटली आणतो. रक्त कमी असेल तर औषध हवेच. पण आधी तिच्या ताटात काय पडले ते कोणी पाहिले का?

उलट बाजूही आहे. ज्या आजोबांनी जन्मभर नांगर धरला, त्यांचे रान आता ट्रॅक्टर नांगरतो. काम सुटले, वयोमानाने गरजही घटली, पण भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. शहरात दुकानावर बसणाऱ्या मुलाचेही तेच. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईचा 80 सेंटीमीटरच्या वर गेला, की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढला असे समजावे.

हिशेबाला घरची मापे पुरतात. 75 ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी सुमारे 250 उष्मांकांची. 30 ग्रॅम तांदळाचा भात शंभराच्या आसपास. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे 160. चहाचा चमचाभर तेल 45. दिवसाकाठी पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम साखर होते. तिचेच 200 उष्मांक झाले. आजोबांची एक भाकरी तोडण्याआधी चहातली साखर तोडावी. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

सुनेचे जादा 600 उष्मांक भरून काढायला बाजारातली पावडर नको. एक भाकरी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि कपभर दूध एवढ्याने ते जवळपास भरून निघतात. पण त्यासाठी सगळे दूध डेअरीला आणि सगळी शेंग अडत्याकडे जाऊन चालणार नाही. घरचा वाटा आधी काढून ठेवावा, मग माप घालावे.

आवडीनिवडीला काही घरांत लाड समजतात. तसे नव्हे. न आवडणारे पथ्य पंधरा दिवसांत सुटते, हे आपण सारे जाणतो. दवाखान्यातून आणलेल्या छापील तक्त्यात सफरचंद आणि ओट असतील, तर तो कागद भिंतीवरच राहतो. खानापूर-बेळगाव भागातल्या माणसाचा तक्ता भात, नाचणी, जोंधळा, आमटी, सुकट आणि ताक यांचाच असावा. नाचणीची भाकरी कोणाला घशाखाली उतरत नसेल, तर आंबील द्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, तो आंबिलीतूनही मिळतो. दूध नको म्हणणाऱ्याला दही चालेल. पोर पालेभाजी बाजूला सारत असेल, तर ती थालीपिठात चिरून घालावी. रविवारचे मटण कोणाचे बंद करू नये. वजन उतरवायचे असेल त्याला फोडी वाढाव्यात, वरचा तवंग कमी वाढावा.

कोणी म्हणेल, घरात पाच माणसे, मग पाच स्वयंपाक करायचे का? मुळीच नाही. स्वयंपाक एकच, फक्त वाढणे वेगळे. एकाला भाकरी अर्धी आणि उसळ दुप्पट, दुसऱ्याला भाकरी जास्त आणि वर शेंगाचटणी. रोपलावणीच्या दिवसांत सर्वांचेच माप वाढवावे, उन्हाळ्यात काम थंडावले की उतरवावे. महिन्यातून एकदा प्रत्येकाचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. माप बरोबर आहे की नाही ते वहीच सांगेल.

हे काम एकट्या बाईवर टाकू नये. स्वतःचे ताट ती मोठे करून घेणार नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने आणि सासूबाईंनी सर्वांना एकत्र जेवायला बसवावे, आणि पाजणाऱ्या आईचे ताट भांडी भरलेली असतानाच वाढून ठेवावे. आज रात्रीच सुरुवात करता येईल.